उष्ण कटिबंधीय कॅरिबियन किनाऱ्यावरील दांपत्य-सहलीचे नियोजन : मेक्सिकोतील रिव्हिएरा माया किनारपट्टीचा भौगोलिक विचार

सारांश

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाचा पूर्व किनारा हा कॅरिबियन समुद्रावरील सर्वाधिक गजबजलेल्या पर्यटनक्षेत्रांपैकी एक आहे. मधुचंद्र, विवाहाचा वाढदिवस किंवा निवृत्तीनंतरचा निवांत प्रवास अशा निमित्तांनी असंख्य दांपत्ये येथे येतात. अशा सहलीचे नियोजन बहुधा हॉटेलच्या छायाचित्रापासून व विमानभाड्यापासून सुरू होते. वास्तविक ते या किनाऱ्याच्या भूगोलापासून सुरू व्हावयास हवे. उबदार समुद्र आणि सच्छिद्र चुनखडक या दोन घटकांनी येथील सौंदर्य निर्माण केले आहे आणि येथील संकटांचे मूळही त्यांच्यातच आहे. त्यामुळे महिना, मुक्कामाचे ठिकाण आणि दिनक्रम या तिन्ही गोष्टी ठरविताना या दोन घटकांचा विचार कसा करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : दांपत्य-पर्यटन, कॅरिबियन किनारा, चक्रीवादळ, सरगॅसम, सेनोटे, प्रवाळभित्ती, नियोजन.

प्रस्तावना

दोघांचा प्रवास हा वरवर पाहता सर्वात सोपा प्रवास वाटतो. मोठ्या कुटुंबाची जुळवाजुळव नाही, मुलांच्या शाळेच्या सुट्ट्यांचे बंधन नाही, सामानही मोजके. परंतु दूरच्या समुद्रकिनाऱ्यावरील सहल ही अनेक दांपत्यांच्या आयुष्यातील मोठ्या खर्चाच्या बाबींपैकी एक असते. वर्ष-दोन वर्षे बाजूला टाकलेली बचत आणि मोठ्या प्रयासाने जुळवून आणलेली दोघांची रजा एका आठवड्यात खर्ची पडते. त्या आठवड्यात विमानतळ वादळामुळे बंद राहिला, किंवा निळ्याशार समुद्राच्या जागी कुजलेल्या शेवाळाचा तपकिरी ढीग पाहावा लागला, तर ती हानी केवळ पैशांची राहत नाही. म्हणूनच अशा सहलीचे नियोजन अभ्यासपूर्वक व्हावयास हवे.

या दृष्टीने मेक्सिकोच्या किन्ताना रो राज्याची किनारपट्टी अभ्यासण्यासारखी आहे. १९७० पूर्वी आजच्या कान्कुनच्या जागी वाळूचा एक निर्जनप्राय दांडा, त्यामागे खाजण आणि त्यापलीकडे जंगल होते. मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेतील नियोजनकारांनी परकीय चलन मिळवून देणाऱ्या पर्यटनस्थळासाठी या जागेची निवड केली आणि १९७० मध्ये बांधकामास प्रारंभ झाला. किन्ताना रो प्रदेशास ऑक्टोबर १९७४ मध्ये राज्याचा दर्जा मिळाला. २०२० च्या जनगणनेनुसार कान्कुन शहराची लोकसंख्या सुमारे ८.९ लाख होती. दक्षिणेकडील प्लाया देल कार्मेन, अकुमाल, तुलुम या पट्ट्यास पुढे ‘रिव्हिएरा माया’ हे प्रचाराचे नाव मिळाले. म्हणजेच हा किनारा मुळातच नियोजनातून घडला आहे. मात्र ज्या निसर्गावर हे नियोजन उभे आहे, तो नियोजनाच्या अधीन नाही. हाच या लेखाचा मध्यवर्ती मुद्दा आहे.

मराठी वाचकांशी या विषयाचा प्रत्यक्ष संबंध आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील काही शहरांतून विमानाने सुमारे दोन तासांत कान्कुन गाठता येते. त्यामुळे अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा किनारा छोट्या सुट्टीसाठीही सोयीचा ठरतो. भारतातून तेथे थेट विमानसेवा नसल्याने येथून जाणाऱ्यांचे नियोजन अर्थातच अधिक गुंतागुंतीचे असते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) रिव्हिएरा माया किनाऱ्याच्या भूरचनेचा व हवामानाचा सहलीच्या नियोजनाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
२) महिना व मुक्काम यांच्या निवडीचे निकष मांडणे.
३) दांपत्य म्हणून विचारात घ्यावयाच्या आरोग्य, आहार व सुरक्षितता या बाबींची चर्चा करणे.
४) पर्यटकाच्या निवडीचा स्थानिक पाणी व प्रवाळ यांवर होणारा परिणाम दर्शविणे.

प्रस्तुत विवेचन वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचे आहे.

विषय विवेचन

१. किनाऱ्याची जडणघडण

युकातान द्वीपकल्प हा चुनखडकाचा एक सपाट चौथरा आहे. पावसाचे पाणी या सच्छिद्र खडकात मुरते. त्यामुळे द्वीपकल्पाच्या उत्तर भागात भूपृष्ठावर नद्या जवळजवळ आढळत नाहीत. सह्याद्रीच्या बेसाल्टवरून उतरणाऱ्या नद्या पाहिलेल्या वाचकास हे प्रथम आश्चर्याचे वाटेल. येथील नद्या जमिनीखालून वाहतात. पाण्यात विरघळून खडकात गुहा तयार होतात आणि एखाद्या गुहेचे छत कोसळले की खाली स्वच्छ पाण्याचे कुंड उघडे पडते. माया भाषेतील शब्दावरून या कुंडांना ‘सेनोटे’ असे म्हणतात. प्राचीन माया लोकांचे पिण्याचे पाणी हेच होते आणि त्यांची उपासनेची स्थानेही हीच होती. तुलुमजवळील ‘साक आक्तुन’ आणि ‘दोस ओहोस’ या दोन जलमग्न गुहाप्रणाली परस्परांशी जोडलेल्या असल्याचे २०१८ मध्ये पाणबुड्यांनी सिद्ध केले, तेव्हा त्यांची एकत्रित ज्ञात लांबी ३४७ किलोमीटर भरली. किनाऱ्याजवळच्या सेनोटेंमध्ये गोडे पाणी वर व खारे पाणी खाली असते. दोन्ही जेथे भेटतात तेथे पाणी क्षणभर धुरकट दिसते.

या रचनेचा दुसरा परिणाम म्हणजे समुद्राचा रंग. गाळ वाहून आणणाऱ्या नद्या नसल्याने किनाऱ्याजवळचे पाणी नितळ राहते. नितळ व उबदार पाण्यात प्रवाळ वाढतात. मेक्सिको, बेलीझ, ग्वाटेमाला व होंडुरास या चार देशांच्या किनाऱ्यालगत सुमारे १००० किलोमीटर पसरलेली मेसोअमेरिकन प्रवाळभित्ती ही ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरिअर रीफखालोखाल मोठी मानली जाते. ही भित्ती लाटांचा जोर मोडते आणि तिच्या आडोशाला पुळण टिकून राहते. पांढरी वाळूदेखील प्रामुख्याने प्रवाळ, शिंपले व तत्सम जीवांच्या चुनखडीयुक्त अवशेषांपासून बनलेली आहे. थोडक्यात, छायाचित्रात दिसणारा निळा समुद्र व शुभ्र पुळण यांमागे चुनखडक, भूजल आणि प्रवाळ यांची एक साखळी आहे. तिच्यातील एक दुवा बिघडला की इतरांवर त्याचा परिणाम होतो.

२. महिन्याची निवड : सर्वात महत्त्वाचा निर्णय

नारळी पौर्णिमेपूर्वी होडी समुद्रात न घालणाऱ्या कोकण किनाऱ्याला समुद्राचे पंचांग सांगावे लागत नाही. कॅरिबियन समुद्रालाही असेच पंचांग आहे, परंतु पर्यटनाच्या जाहिरातीत ते क्वचितच दिसते. त्याची चार अंगे आहेत.

अ) चक्रीवादळे : अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत त्याचा जोर अधिक असतो. समुद्राचे पाणी उन्हाळाभर तापत राहते आणि या काळात वादळास लागणारी ऊर्जा भरपूर उपलब्ध असते. सप्टेंबर १९८८ मध्ये ‘गिल्बर्ट’ या अतितीव्र वादळाने कोसुमेल बेटास व किनाऱ्यास तडाखा दिला. ऑक्टोबर २००५ मधील ‘विल्मा’ हे वादळ कोसुमेल व कान्कुन परिसरात अत्यंत संथ गतीने सरकले. इस्ला मुहेरेस बेटावर चोवीस तासांत १६०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला, हजारो पर्यटकांना निवाऱ्यांत राहावे लागले आणि कान्कुनची पुळण मोठ्या प्रमाणात वाहून गेली. पुढे समुद्रातून वाळू उपसून ती पुन्हा भरावी लागली. जुलै २०२४ मध्ये ‘बेरिल’ वादळ तुलुमजवळ किनाऱ्यावर आले. ते जुलैच्या प्रारंभीच आल्यामुळे ‘हंगामाच्या सुरुवातीस धोका नसतो’ हा समज खरा नाही, हेही स्पष्ट झाले. अर्थात कोणत्याही एका आठवड्यात एका ठरावीक ठिकाणी वादळ येण्याची शक्यता अल्पच असते. प्रश्न असतो तो ते आल्यास होणारी हानी सोसण्याच्या तयारीचा.

आ) सरगॅसम : हे तरंगणारे तपकिरी समुद्रशेवाळ आहे. २०११ पासून मध्य अटलांटिकमध्ये त्याची वाढ प्रचंड झाली असून सागरी प्रवाह व व्यापारी वारे यांच्यासोबत ते कॅरिबियन किनाऱ्यांवर येऊन पडते. उपग्रह प्रतिमांच्या आधारे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०१८ च्या उन्हाळ्यात पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत या शेवाळाचा सुमारे ८८५० किलोमीटर लांबीचा पट्टा तयार झाला होता. त्याचे वजन २ कोटी टनांहून अधिक होते. किन्ताना रोच्या पूर्वाभिमुख किनाऱ्यावर त्याचा त्रास साधारणतः एप्रिल ते ऑगस्ट या काळात अधिक असतो. किनाऱ्यावर कुजताना त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू बाहेर पडतो व सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी पसरते. दमा असणाऱ्यांना त्याचा विशेष त्रास होऊ शकतो.

इ) उत्तरेचे वारे : नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात उत्तर अमेरिकेतून थंड हवेचे झोत येतात. त्यांना तेथे ‘नोर्ते’ असे म्हणतात. अशा वेळी एक-दोन दिवस आकाश ढगाळ राहते, समुद्र खवळतो आणि बंदर अधिकारी लहान नौकांची वाहतूक थांबवितात.

ई) गर्दी व दर : डिसेंबरचा उत्तरार्ध ते एप्रिल हा महागडा हंगाम होय. मार्चमध्ये अमेरिकन महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची सुट्टी आणि ईस्टरपूर्वीचा ‘सेमाना सांता’ हा सप्ताह यांमुळे गर्दी कळसास पोहोचते. निवांतपणाच्या शोधात असलेल्या दांपत्याने हे दोन काळ टाळलेले बरे.

या चारही अंगांचा एकत्रित विचार केला असता जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा प्रारंभ हा काळ हवामानाच्या दृष्टीने अनुकूल ठरतो. पाऊस कमी, शेवाळ सहसा अल्प, वादळांचा हंगाम संपलेला. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते डिसेंबरचा मध्य हा तुलनेने स्वस्त असा दुसरा पर्याय आहे. तथापि, सर्वगुणसंपन्न असा महिना येथे नाही. इस्ला मुहेरेस व होलबोश या बेटांजवळ व्हेल शार्क हा जगातील सर्वात मोठा मासा जून ते सप्टेंबरमध्येच मोठ्या संख्येने येतो. समुद्री कासवेही अंडी घालण्यासाठी मे ते ऑक्टोबर याच काळात पुळणीवर येतात. ज्यांना वन्यजीव पाहावयाचे आहेत, त्यांना शेवाळ व वादळ यांची जोखीम पत्करावीच लागते. म्हणून ‘कोणता महिना चांगला?’ हा प्रश्न विचारण्यापूर्वी ‘आपण दोघे तेथे कशासाठी जात आहोत?’ या प्रश्नाचे उत्तर निश्चित करावे लागते.

३. मुक्कामाची निवड

या किनाऱ्यावर अंतर थोडे असूनही ठिकाणागणिक समुद्राचा स्वभाव बदलतो. कान्कुनचा हॉटेल विभाग हा इंग्रजी सात या अंकाच्या आकाराचा वाळूचा दांडा आहे. त्याची उत्तरेकडील बाजू इस्ला मुहेरेसच्या आडोशाला असल्याने तेथे पाणी शांत असते. पूर्वेकडील लांब बाजू मात्र खुल्या समुद्राला सामोरी असून तेथे लाटा व आत ओढणारे प्रवाह धोकादायक ठरू शकतात. जाहिरातीत दोन्ही पुळणी सारख्याच निळ्या दिसतात. पोहता न येणाऱ्या जोडीदारासाठी त्यांतील फरक निर्णायक असतो.

इस्ला मुहेरेसचा उत्तर किनारा उथळ व शांत आहे. कोसुमेल बेटाचा पश्चिम किनारा वातविन्मुख असल्याने तेथे सरगॅसम फारसे साचत नाही आणि प्रवाळ पाहण्यासाठीही तो प्रसिद्ध आहे. याच बेटाची पूर्व बाजू मात्र खवळलेली असते. प्लाया देल कार्मेन येथून कोसुमेलला नौकेने पाऊण तासाच्या आत पोहोचता येते. पुएर्तो मोरेलोस हे गाव शांत असून प्रवाळभित्ती तेथे किनाऱ्याच्या अगदी जवळ आहे. तुलुम येथे समुद्रकड्यावर वसलेले तटबंदीयुक्त माया नगराचे अवशेष आहेत. मात्र तुलुमची पुळण पूर्वाभिमुख असल्याने उन्हाळ्यात शेवाळाचा त्रास तेथे बराच होतो. कान्कुन ते प्लाया देल कार्मेन हे अंतर सुमारे ७० आणि कान्कुन ते तुलुम हे सुमारे १३० किलोमीटर आहे. त्यामुळे एकाच ठिकाणी सात रात्री काढण्याऐवजी दोन ठिकाणी मुक्काम करणे सहज शक्य होते.

निवासाच्या प्रकाराचाही विचार आवश्यक आहे. जेवण, पेये व करमणूक यांचे मूल्य आधीच आकारणारी सर्वसमावेशक हॉटेले येथे विपुल आहेत. खर्च निश्चित राहतो व निर्णयांचा ताण उरत नाही, हा त्यांचा लाभ. परंतु पैसे आधीच दिलेले असल्याने दांपत्य हॉटेलच्या आवाराबाहेर पडतच नाही आणि गावातील खानावळ, होडीवाला, वाटाड्या यांच्यापर्यंत तो पैसा पोहोचत नाही. काही रात्री अशा हॉटेलात व काही गावातील लहान निवासात, हा मध्यममार्ग अनेक दृष्टींनी उचित ठरतो.

४. दोघांच्या क्षमता, आरोग्य व आहार

दांपत्याच्या सहलीत एकाची आवड ही दुसऱ्याची भीती असू शकते. एकास खोल पाण्यात बुडी मारावयाची असते, तर दुसऱ्यास पोहताही येत नाही. अशा वेळी संकोचापोटी होकार देणे धोक्याचे ठरते. दोघांपैकी जो पाण्यात कमी सरावलेला असेल, त्याच्या क्षमतेनुसार समुद्र निवडावा आणि दुसऱ्यासाठी एखादा स्वतंत्र अर्धा दिवस राखून ठेवावा. पुळणींवर रंगीत ध्वज लावलेले असतात. हिरवा म्हणजे अनुकूल, पिवळा म्हणजे सावधगिरी, लाल म्हणजे धोका आणि काळा म्हणजे पाण्यात उतरण्यास बंदी. बहुतेक सेनोटेंमध्ये तरंगण्याचे जाकीट मिळते. ते वापरण्यात कमीपणा मानू नये.

श्वसनयंत्र लावून समुद्रात बुडी घेतल्यानंतर लगेच विमानप्रवास करता येत नाही, ही बाब वेळापत्रक ठरविताना विसरली जाते. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडण्यास वेळ लागतो. एकाहून अधिक वेळा बुडी घेतल्यास किमान १८ तास थांबावे, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. म्हणून समुद्रातील कार्यक्रम सहलीच्या आरंभी आणि जमिनीवरील कार्यक्रम अखेरीस ठेवणे सयुक्तिक होय.

उष्ण कटिबंधातील डासांपासून होणारा डेंग्यू व झिका या आजारांचाही विचार करावा. झिकाचा संसर्ग गर्भास अपायकारक ठरू शकतो आणि तो लैंगिक संबंधातूनही पसरू शकतो. त्यामुळे गर्भवती स्त्रीने, तसेच नजीकच्या काळात अपत्याचा विचार करणाऱ्या दांपत्याने प्रवासापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक आहे. नळाचे पाणी पिण्यासाठी वापरू नये. स्थानिक लोकही मोठ्या बाटल्यांतील शुद्ध पाणीच वापरतात.

आहाराच्या बाबतीत मका, घेवड्याच्या जातीच्या शेंगांचे दाणे, मिरची व लिंबू यांवर आधारलेले मेक्सिकन जेवण मराठी जिभेस परके वाटत नाही. मक्याची तोर्तिया ही आपल्या भाकरीची दूरची नातलग शोभावी अशी आहे. भाजलेल्या भोपळ्याच्या बिया व टोमॅटो यांपासून केलेली ‘सिकिल पाक’ ही युकातानची चटणी शाकाहारी आहे. मात्र परतलेल्या दाण्यांच्या उसळीत डुकराची चरबी घालण्याची प्रथा आहे. शाकाहारी दांपत्याने ‘सिन मांतेका’ म्हणजे चरबीविना, आणि ‘सिन कार्ने’ म्हणजे मांसाविना, हे दोन स्पॅनिश शब्दप्रयोग पाठ करून जावेत.

५. कागदपत्रे, विमा व दळणवळण

भारतीय पारपत्रधारकास मेक्सिकोचा व्हिसा लागतो. तथापि अमेरिका, कॅनडा, जपान, ब्रिटन किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा असणाऱ्यांना पर्यटनासाठी तो लागत नाही, अशी सवलत मेक्सिकोने दिलेली आहे. हे नियम बदलत असल्याने तिकीट काढण्यापूर्वी दूतावासाकडून खात्री करून घ्यावी. अमेरिकेतील विमानतळावर केवळ विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो. याकडे दुर्लक्ष झाल्यास स्वस्त तिकीट निरुपयोगी ठरते. पती-पत्नीच्या पारपत्रांतील नावे व तिकिटांवरील नावे तंतोतंत जुळतात की नाही, हे नवविवाहितांनी विशेषत्वाने पाहावे.

विमा उतरविताना वेळेस महत्त्व आहे. वादळास नाव मिळाल्यानंतर घेतलेल्या विम्यात त्या वादळामुळे झालेले नुकसान सहसा समाविष्ट होत नाही. म्हणून पहिली रक्कम भरताच विमा घ्यावा आणि त्यात प्रवास रद्द होणे, मुक्काम लांबणे व वैद्यकीय स्थलांतर यांचा अंतर्भाव आहे, याची खातरजमा करावी.

किन्ताना रो राज्य २०१५ पासून वर्षभर एकच प्रमाणवेळ पाळते. ती भारतीय वेळेच्या साडेदहा तास मागे आहे. शेजारच्या युकातान राज्याची वेळ त्याहून एक तास मागे आहे. चिचेन इत्सा हे प्रसिद्ध माया स्थळ त्या राज्यात येत असल्याने परतीच्या बसची वेळ चुकण्याचे प्रसंग यातून उद्भवतात. किनाऱ्यावरील मुख्य महामार्गावर बस व सामायिक व्हॅन यांची सेवा चांगली आहे. तुलुमचा नवा विमानतळ व ‘त्रेन माया’ ही रेल्वे डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. मोटार भाड्याने घेणाऱ्यांनी स्थानिक कायद्यानुसार आवश्यक असलेला त्रयस्थ-हानी विमा दरात धरला आहे का, हे विचारून घ्यावे. अन्यथा आधी सांगितलेले भाडे प्रत्यक्षात बरेच वाढते. व्यवहार पेसोमध्ये करणे सहसा लाभदायक ठरते. तातडीच्या मदतीसाठी ९११ हा क्रमांक आहे.

६. सात दिवसांचा आराखडा

वरील विवेचनाच्या आधारे एक नमुना-आराखडा पुढीलप्रमाणे मांडता येईल. पहिला दिवस विश्रांतीचा असावा. भारतातून येणाऱ्यांच्या झोपेचे चक्र पूर्ण उलटलेले असते. दुसरा व तिसरा दिवस इस्ला मुहेरेस किंवा कोसुमेल येथे समुद्रासाठी द्यावा. कोसुमेलच्या सान हेर्वासियो या स्थळी इश्चेल या माया देवतेचे स्थान होते. चंद्र, प्रजनन व प्रसूती यांच्याशी संबंधित असलेल्या या देवतेच्या दर्शनासाठी माया स्त्रिया समुद्र ओलांडून येत असत. दांपत्याच्या सहलीत हे स्थळ अर्थपूर्ण ठरते. चौथा दिवस पूर्णपणे मोकळा ठेवावा. नोर्ते वाऱ्यामुळे नौका बंद राहिल्यास हा दिवस उपयोगी पडतो आणि तसे न झाल्यास तो दोघांचा स्वतःचा असतो. पाचव्या दिवशी तुलुमकडे मुक्काम हलवून सेनोटे पाहावेत. सहाव्या दिवशी सकाळी लवकर माया अवशेष किंवा सियान काआन हे १९८७ पासून जागतिक वारसा यादीत असलेले राखीव क्षेत्र पाहावे. चिचेन इत्सा कान्कुनपासून सुमारे २०० किलोमीटर असल्याने त्यासाठी पूर्ण दिवस लागतो. सातवा दिवस परतीचा. प्रत्येक तास भरून टाकलेला आराखडा हा येथील हवामानात टिकत नाही आणि दोघांच्या नात्यालाही तो फारसा मानवत नाही.

७. पाणी व प्रवाळ यांप्रती उत्तरदायित्व

चुनखडकात मुरलेले काहीही अखेर समुद्रास मिळते. अपुरी प्रक्रिया केलेले सांडपाणी भूगर्भातील प्रवाहांतून सेनोटेत व तेथून प्रवाळांपर्यंत पोहोचते. त्यातील पोषकद्रव्यांमुळे शेवाळ वाढते व प्रवाळ गुदमरतात. २०१८ पासून या किनाऱ्यावर प्रवाळांच्या ऊतींचा नाश करणारा एक रोगही पसरला आहे. त्रेन मायाच्या मार्गासाठी गुहांच्या छतांतून खांब रोवले गेले, त्यावरही तीव्र आक्षेप घेण्यात आले.

याच किनाऱ्यावर एक उद्बोधक प्रयोग झाला. पुएर्तो मोरेलोस व कान्कुन परिसरातील प्रवाळभित्तीचा २०१९ मध्ये विमा उतरविण्यात आला. वाऱ्याचा वेग ठरावीक मर्यादा ओलांडताच भरपाई मिळावी, अशी त्याची अट होती. ऑक्टोबर २०२० मधील ‘डेल्टा’ वादळानंतर ती भरपाई मिळाली आणि मोडलेले प्रवाळ पुन्हा रोवण्याच्या कामास तिचा उपयोग झाला. हॉटेलांचे उत्पन्न पुळणीवर आणि पुळण प्रवाळांवर अवलंबून आहे, हे गणित येथे प्रथमच पैशांच्या भाषेत मान्य केले गेले.

पर्यटक दांपत्याच्या हाती असलेल्या गोष्टी साध्या आहेत. सेनोटेत उतरण्यापूर्वी अंगावरील मलम धुऊन टाकावे. शक्यतो मलमाऐवजी लांब बाह्यांचा पोहण्याचा पोशाख वापरावा. प्रवाळावर पाय ठेवू नये. कासवांच्या हंगामात रात्री पुळणीवर विजेरी लावू नये, कारण नुकतीच बाहेर पडलेली पिल्ले प्रकाशाने भरकटतात. निवास निवडताना सांडपाण्याची व्यवस्था काय आहे, असे विचारावे. हा प्रश्न पुरेशा ग्राहकांनी विचारला, तर त्याचे उत्तर देणे हॉटेलांना भाग पडेल.

निष्कर्ष

१) रिव्हिएरा माया येथील सहलीत महिन्याची निवड हा हॉटेलच्या निवडीपेक्षा अधिक महत्त्वाचा निर्णय आहे.
२) हवामान, शेवाळ, वन्यजीव व दर या सर्व दृष्टींनी उत्तम असा एकही महिना नाही. प्रवासाचा हेतू निश्चित केल्यावरच निवड शक्य होते.
३) मुक्काम निवडताना किनारा कोणत्या दिशेस सामोरा आहे, हे प्रथम पाहावे.
४) दोघांपैकी पाण्यात कमी सरावलेल्या व्यक्तीची क्षमता हा दिनक्रमाचा पाया असावा.
५) विमा लवकर उतरवावा आणि आराखड्यात किमान एक दिवस मोकळा असावा.
६) पाणी व प्रवाळ यांचे रक्षण हा सहलीच्या नियोजनाचाच भाग आहे.

समारोप

पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी काही नियोजनकारांनी नकाशावर वाळूचा एक दांडा निवडला आणि तेथे शहर उभे राहिले. त्यानंतरच्या प्रत्येक मोठ्या वादळाने या नियोजनाची मर्यादा दाखवून दिली. दोन माणसांच्या एका आठवड्याच्या सहलीलाही हाच नियम लागू पडतो. समुद्राचे पंचांग, खडकाचा स्वभाव आणि जोडीदाराच्या मर्यादा या तिन्हींची आधी माहिती करून घेतली, तर एखादा दिवस ढगाळ निघाला किंवा नौका बंद राहिली तरी सहल फसत नाही. प्रतिकूल दिवशीही दोघांना समाधान देऊ शकेल, तेच खरे नियोजन होय.